शेवटच्या ओव्हरला 'परफेक्ट' टायमिंग, तरी कॅच! गेम फसवतोय की मीच कच्ची?

वहीवाली:
मोबाइलवरचा एक ऑनलाइन क्रिकेट गेम (नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत) पाच महिने खेळतेय. काल रात्री शेवटच्या ओव्हरला ९ हव्या होत्या. चार चेंडूंत ५ निघाल्या. पाचव्याला बोट बरोबर हिरव्या पट्टीत, स्क्रीनवर 'परफेक्ट', आणि चेंडू थेट लाँग ऑनच्या हातात! समोरच्यानं लगेच तो दात काढणारा इमोजी पाठवला. तो इमोजी ज्यानं बनवला त्याला एकदा भेटायचंय मला.

पेशानं हिशेबनीस आहे, त्यामुळे मॅचसुद्धा वहीत लिहिते. ६० खेळले, २२ जिंकले. हरलेल्या ३८ पैकी १४ शेवटच्या ओव्हरला गेल्या. पैसे देऊन २३ पॅक (आत कुठल्या खेळाडूचं कार्ड निघेल ते नशिबावर) उघडले, सगळ्यात भारी 'लेजंड' कार्ड एकही नाही. एक बरा फास्ट बोलर निघाला होता, तो तीन आठवडे चालला. मग नवा सीझन आला, नवी कार्डं आली, आता त्याला कुणीही उचलून मारतं.

गेम मुद्दाम हरवतो का? खरं सांगा, समजूत घालू नका.

लेगबाय:
हिरवी पट्टी म्हणजे सिक्स नव्हे. चेंडू बॅटवर नीट बसला, एवढंच ती सांगते. पुढे बॅटरची पॉवर, बोलरचं कार्ड आणि वर नशिबाचा थोडा फासा. पाचव्या चेंडूला स्ट्राइकवर कोण होतं?

वहीवाली:
विकेटकीपर. पॉवर ६८.

लेगबाय:
मग ताई, ६८ मध्ये चेंडूनं तरी किती उडायचं! एक काढून स्ट्राइक बदलायची होती.

अर्धवट_गणिती:
पॅकचं बघू. 'लेजंड' निघण्याची शक्यता किती छापलीय? पॅकच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात असेल. ॲपलनं डिसेंबर २०१७ पासून ॲप स्टोअरवरच्या गेमना ती दाखवणं सक्तीचं केलंय.

वहीवाली:
सापडली. १ टक्का. पाच महिन्यांत तिथं नजरच गेली नव्हती, आणि म्हणे हिशेबनीस.

अर्धवट_गणिती:
१ टक्का धरला तर २३ पॅकमध्ये एकही न निघण्याची शक्यता जवळपास ७९ टक्के. म्हणजे तुमचं नशीब फुटकं वगैरे नाही, बहुतेकांचं असंच होतं. शंभर पॅक घेणाऱ्यांपैकीही साधारण ३७ टक्के लोक रिकाम्या हातानं परततात. 'इतके झाले, आता निघेलच' असं मनात येतं तिथंच माणूस अडकतो. वेगळी हमी लिहिलेली नसेल तर चोविसाव्या पॅकला आधीच्या तेवीसांची आठवण नसते.

आता मॅचचं. वहीत समोरच्या टीमचं रेटिंग लिहिलंय का? असेल तर दोन ढीग करा: साधारण बरोबरीचे आणि तुमच्याहून बरेच वरचे.

वहीवाली:
लिहिलंय. केले ढीग.
रेटिंगमध्ये ३ पर्यंत फरक: ३१ मॅच, १६ जिंकले.
समोरचा ४ किंवा जास्त वर: २९ मॅच, ६ जिंकले.

मलाच आश्चर्य वाटतंय. मी इतकी वाईट खेळत नाही!

अर्धवट_गणिती:
नाहीच. बरोबरीत निम्म्याच्या थोडं वर आहात. आकडे कमी आहेत, पण चेंडू अडवणारा अदृश्य हात यात तरी दिसत नाही. अन्याय मॅच सुरू व्हायच्या आधीच झालेला असतो, तुमची गाठ कुणाशी पडते तिथं.

नॉनस्ट्रायकर:
जोड्या लावण्यावरून आठवलं. ॲक्टिव्हिजन या व्हिडिओ गेम कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं. खेळाडूला काहीतरी विकत घ्यावंसं वाटेल अशा बेतानं जोडी लावायची, उदाहरणार्थ नवख्यासमोर तयार खेळाडू आणायचा, अशी ती कल्पना. कुठल्याही गेममध्ये ती वापरलेली नाही असं कंपनीनं तेव्हाच सांगितलं. तुमच्या गेममध्ये तसंच चालतं असं मी म्हणत नाही. पण असा विचार कुणी कागदावर आणलाय, हे खरं.

लेगबाय:
मोड बदलून बघा. बऱ्याच गेममध्ये सगळ्यांची कार्डं एकाच पातळीवर आणणारा एक मोड असतो. बक्षीस फुटकळ, म्हणून तिकडे फार कुणी फिरकत नाही.

वहीवाली:
सापडला, मेन्यूच्या अगदी तळाशी. पाच खेळले, तीन जिंकले. हरलेल्या दोन्हींत चूक माझीच, आणि गंमत म्हणजे त्याचा राग आला नाही. पॅकचं खातं वहीत बंद केलंय, खाली दोन रेघा मारून.

आणि सेटिंगमध्ये समोरच्याचे इमोजी बंद करायचं बटण आहे! हे पाच महिन्यांत कुणी सांगितलं का नाही मला?