वादळ-पुरासाठी धर्मग्रामाची तयारी: साठ हजारांत आधी काय घ्यावं?

खाडीकाठ
आमचं धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा लोकसमूह) रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडापासून चालत दहा मिनिटांवर आहे. साधारण १४० कुटुंबं, सहा विभाग. चर्च जुनं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. आवारात ६० बाय ३० फुटांचा पत्र्याचा हॉल, मागे शाळेची दुमजली स्लॅबची इमारत आणि एक विहीर. धर्मग्रामाच्या परिषदेने पावसाळ्याआधी आपत्ती समिती नेमायचं ठरवलंय, हाताशी साठ हजार रुपये आहेत. काही जण म्हणतात रबरी बोट आणि लाइफ जॅकेटं घ्या, काही म्हणतात जनरेटर. वेळ आली तर हॉलमध्ये दोनशे माणसं ठेवू असा अंदाज आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे नुसती बैठक घेऊन भागणार नाही. पैसे आधी कशावर घालावेत?

चिरेबंदी
दोनशेचा आकडा आधी खोडा. निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा लागते, हा जगभर धरला जाणारा किमान हिशेब आहे. तुमचा हॉल १८०० चौरस फूट म्हणजे १६७ चौरस मीटर, त्यात सत्तेचाळीस माणसं. एका रात्रीपुरती दाटी चालते, पण वादळानंतर लोक एका रात्रीत घरी जात नाहीत.

वादळात तर हॉल वापरूच नका. निसर्ग ताशी १००-११० किलोमीटरच्या वाऱ्यानं श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, झोत १२० पर्यंत गेले. पत्र्याचं छप्पर आधी वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना उचकटतं, कारण वाऱ्याची ओढ तिथे सर्वांत जास्त असते. कोकणातल्या खाऱ्या हवेत जे-हुक (पत्रा धरून ठेवणारे जे आकाराचे आकडे) वॉशरखाली गंजतात, वरून धड दिसतात. शिडी लावून पान्यानं प्रत्येक नट फिरवून बघा. नुसताच गरगर फिरला किंवा तुटून हातात आला तर बदला. वळचण, आढं आणि कडा इथे एक-आड-एक पन्हळीला हुक हवा, खाली डांबरी वॉशरसकट.

चर्चचा मोठा दरवाजा बहुधा पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे तोंड करून असेल. वादळात तो फुटला की वारा आत शिरतो, छपराला आतून वर ढकलतो, बाहेरचा वारा वरून ओढत असतोच. कौलं जायला वेळ लागत नाही. आतून जाड लाकडी अडसर आणि तो अडकवायला भिंतीत पक्के लोखंडी कडे हे काम सुताराकडून दोन दिवसांत होतं. वादळाचा डोळा डोक्यावरून गेला तर मध्ये शांतता येते आणि मग वारा उलट दिशेनं सुटतो, म्हणून मागच्या सॅक्रिस्टीच्या (वेदीमागच्या, पूजेचं साहित्य ठेवण्याच्या खोलीच्या) दारालाही तीच सोय करा. त्या शांततेत कुणालाही बाहेर सोडायचं नाही.

निवारा शाळेच्या वरच्या मजल्यावर ठेवा. साधारण २० बाय २५ फुटांची खोली धरली तर खोलीत तेरा माणसं. सहा खोल्यांत ऐंशीच्या आत. बाकीच्यांसाठी तहसीलदारांकडे विचारा की गावातली कुठली इमारत आपत्ती आराखड्यात निवारा म्हणून धरली आहे, आणि तुमची शाळा त्याच आराखड्यात लिहून घ्या. नोंद नसेल तर शासनाचं धान्य आणि डॉक्टर दुसऱ्या इमारतीत जातात. शाळेच्या किल्ल्या तीन ठिकाणी हव्यात, त्यातली एक आवाराबाहेर राहणाऱ्याकडे.

मनोऱ्यावर वीजरोधक असेल तर अर्थिंग मोजून घ्या, दहा ओहमच्या आत हवं. तांब्याची पट्टी खालून चोरीला गेलेली असते आणि वर काटा उभा असतो. असा अर्धा वीजरोधक नसलेल्यापेक्षा वाईट.

विभागसेवक
बोट घेऊ नका, कळकळीने सांगतो. पुराच्या ओढीत बोट चालवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि तुमच्या किनाऱ्यावर ते जाणणारे कोळी बांधव आधीच आहेत. अनोळखी पाण्यात उतरलेली तरुण पोरं हीच मग सोडवायची माणसं होतात. चर्चकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नसतं: घरोघरची माहिती.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) घेऊन जाणारे लोक कुठल्या खोलीत कोण झोपून आहे, जिना किती अरुंद आहे, घरी दुपारी कोण असतं, हे सगळं जाणतात. ती यादी कागदावर आणा. प्रत्येक नावापुढे: चालतं की उचलावं लागतं, कुठली औषधं, इन्सुलिन आहे का, डायलिसिसचे वार, गरोदर असल्यास महिना, आणि हलवायला नेमलेली दोन माणसं. एकच नेमला तर तो नेमका मुंबईला गेलेला असतो. यादी प्लॅस्टिकच्या पाकिटात सहाही विभागप्रमुखांकडे, एक प्रत फादरांकडे. मोबाइलवरच्या यादीवर विसंबू नका. निसर्गनंतर वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं, काही गावांत वीज यायला आठवडे लागले.

या यादीत कोण येत नाही हेही लिहा. आंब्याच्या बागेत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं, बोटीवरचे बाहेरगावचे खलाशी, पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणारे मजूर. कुठल्याच रजिस्टरात नाव नसलेली ही माणसं सर्वांत कच्च्या छपराखाली असतात. शेजारच्या देवळाच्या आणि मशिदीच्या विश्वस्तांबरोबर गाव वाटून घ्या, म्हणजे एका घरी तिघे आणि दुसऱ्या घरी कुणीच नाही असं होणार नाही.

हवामान खात्याचे टप्पे पाठ हवेत. किनाऱ्यावर धोका वाटला की ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी दुसरा इशारा, २४ तास आधी तिसरा, १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यावर पुढे कुठे सरकणार याचा अंदाज. दुसऱ्या इशाऱ्याला यादीतल्या घरी जाऊन औषधं आणि कागदपत्रं बांधून ठेवायची. तिसऱ्याला उचलावं लागणाऱ्यांना हलवायचं, दिवसाउजेडी. शेवटच्या बारा तासांत नवीन काहीच सुरू करायचं नाही. मिस्सा (चर्चमधली उपासना) रद्द करायची तर फादरांनी आदल्या दिवशीच सांगावं, नाहीतर म्हातारी माणसं छत्री घेऊन निघतातच.

चर्चची घंटा दोरीची आहे की विजेवरची? विजेवरची असेल तर दोरी परत बांधा. इशाऱ्याचे टोले अँजेलस (रोजच्या प्रार्थनेची घंटा) आणि मयताच्या टोल्यांहून वेगळे ठरवा आणि पोलीस पाटलांना आधी सांगा. चक्रीवादळं इथे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात (फयान नोव्हेंबर २००९ मधलं), म्हणून सराव वर्षातून दोनदा, एप्रिलअखेर आणि सप्टेंबरअखेर. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. हे आकडे फलकावर मोठे रंगवून घ्या.

मदत देताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जेवणाच्या रांगेत प्रार्थनासभा नको, पत्रकं नकोत, आपल्या माणसांची वेगळी रांग नको. ज्याला ज्याची गरज त्याला ते. आपल्या श्रद्धेला हेच शोभतं, आणि गावाचा विश्वास एकदा गेला की पुढच्या वादळात लोक तुमच्या दारात येत नाहीत.

खाडीकाठ
आभार. बोटीचा विषय परिषदेत मिटवतो. मग जनरेटर घ्यावा का? आणि पुराचं पाणी विहिरीत शिरलं तर काय? बाप्तिस्मा-विवाहाच्या जुन्या नोंदवह्या सॅक्रिस्टीच्या कपाटात, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहेत.

पाणी-आरोग्य
जनरेटर घ्या, पण त्याआधी चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा). दोन पिनांची वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडतात, त्यातून वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला महावितरणचा माणूस मरतो. दिवे, मोबाइल चार्जिंग आणि इन्सुलिनचा फ्रिज यांना ३ केव्हीए पुरतो. एक एचपीचा पंपही लावायचा तर ५ चा बघा, मोटर सुरू होताना कितीतरी पट वीज ओढते. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून वीस फूट लांब. पाऊस लागतो म्हणून व्हरांड्यात आणला की धूर आत साठतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. पेट्रोल आधीच भरून ठेवा, वीज गेली की पेट्रोल पंपही बंद पडतात.

ऐंशी माणसांना माणशी १५ लिटर म्हणजे दिवसाला १२०० लिटर पाणी, त्यात पिण्याचं २४० च्या आसपास. तिसऱ्या इशाऱ्याला टाक्या भरून झाकणं दोरीनं बांधा. शौचालय वीस माणसांमागे एक, बायकांसाठी जास्त, आतून कडी आणि रात्री दिवा.

पूर आलेली विहीर घाईनं कोरडी उपसू नका. भोवतीची जमीन पाण्यानं फुगलेली असते, आतला आधार गेला की चिऱ्याचं बांधकाम ढासळतं. आणि खाडीजवळ जास्त उपसा झाला तर खारं पाणी ओढलं जातं. गाळ काढा, थोडं थोडं उपसा, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर). हिशेब: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी: सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरून १४० ग्रॅम. ही नेहमीची मात्रा, गढूळ पाण्यात ती कमी पडते. म्हणून तासाभराने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं का हे रंगावरून दाखवणारी) करा. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाका. पावडर थेट विहिरीत ओतायची नाही: बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी पोहऱ्यानं खोल सोडून हलवा.

टीसीएल आपल्या दमट हवेत फार लवकर मरतं. उघडी पिशवी पावसाळाभर ठेवली तर नंतर हातात नुसता चुना राहतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, आणि संडास धुण्याच्या ॲसिडजवळ अजिबात नको. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो.

चिखल काढणाऱ्यांना गमबूट द्या. आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) आहे, पायाला जखम असेल तर त्या माणसाला पाण्यात उतरवू नका. प्रतिबंधक गोळी आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती चालत नाही. ताप आणि पोटऱ्या दुखणं दिसलं की त्याच दिवशी केंद्रात.

दप्तरखाना
नोंदवह्या आजच वरच्या मजल्यावर हलवा. वादळाची वाट कशाला बघायची? प्रत्येक पानाचा फोटो काढून एक प्रत धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) कार्यालयात द्या. वही भिजलीच तर उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. चिकटलेली पानं ओढू नका. थोडी भिजली असेल तर उभी करून पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ठेवा, पानांमध्ये कोरे शोषक कागद घाला आणि ते बदलत राहा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पूर्ण भिजलेल्या खूप वह्या एकदम हाताशी आल्या तर प्रत्येक वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ४८ तासांच्या आत मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गोठवा. बुरशी थांबते आणि जाणकाराकडून एकेक वही सावकाश सुकवून घेता येते.

पैशांबद्दल. वादळानंतर परदेशातले नातेवाईक लगेच पैसे पाठवू म्हणतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्ट परदेशी झाला असेल तर ठरते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी. ती घ्यायला एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे मागवून तिच्याकडून आपल्या खात्यात घेणं २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. मदतीची वेगळी वही ठेवा, दोन सह्या, आणि खर्च दर रविवारी फलकावर.

जुने कपडे मागवू नका, त्यांचा डोंगर होतो आणि पावसात कुजतो. ४ बाय ६ मीटरच्या ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, सॅनिटरी पॅड, नवे आतले कपडे, चटया, कोयता आणि मोठी करवत हे आधी. वायर अडकलेल्या झाडाला मात्र महावितरणनं वीज बंद असल्याचं सांगेपर्यंत हात लावायचा नाही.

घरं साफ करण्याआधी प्रत्येक घराचे तारखेसह फोटो काढायला दोन मुलं नेमा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत चिखल धुतलेला असतो आणि मोडलेलं सामान फेकलेलं असतं. आधार आणि पासबुकाच्या प्रती, बागेसाठी सातबारा, हे कुटुंबवार पाकिटात आताच गोळा करून ठेवा.