शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात, अ‍ॅसिडने धुवावी का?

प्रश्न: तळमजल्यावरच्या पडवीत शहाबादी आहे. भिंतीलगत पांढरी पूड येते, पापुद्रे निघतात. मिस्त्री अ‍ॅसिड मारा म्हणतो.

उत्तर १: अजिबात नको. शहाबादी म्हणजे चुनखडक, कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिडने तो फसफसतो आणि झिजतो. त्यातून तयार होऊन उरलेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढत राहतं. चिंच-लिंबाचेही डाग पडतात.

उत्तर २: ती पूड क्षारांची. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी उडतं, क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली वाढतात आणि थर उचलतात. दगड मुळातच थरांचा! पूड कोरड्या ब्रशने झाडून उचला. धुतलीत तर क्षार परत आत मुरतात. सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) इतक्यात नको, ओल कोंडून पापुद्रे वाढतील. आधी पाइपगळती तपासा, बाहेरची माती जोत्याच्या खाली आहे ना तेही बघा.

उत्तर ३: फरशी बदलायची झाल्यास: पूर्ण वाळवलेला तुकडा तोला, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन 3 टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो माल ओलीच्या जागी घेऊ नका. वाजवूनही बघा, भद्द आवाज म्हणजे बहुधा आत चीर. आणि दारात पायपुसणं हवंच: चुनखडकाची कठीणता 1 ते 10 च्या मोह्स मापावर 3, वाळूतल्या क्वार्ट्‌झची 7, म्हणजे पायाबरोबर आलेली वाळू फरशी ओरखडते.