मालिकेचा शेवट मनाला लागला, असा अनुभव तुम्हाला आला आहे का?

खसताटी
परवा कूलरच्या ताट्या बदलण्यासाठी माळ्यावर चढले, तेव्हा खसच्या गठ्ठ्याखाली एक दोनशे पानी वही सापडली. बजाजनगरच्या घरी मी आणि धाकटा भाऊ 'डॉक्टर हू' ही काळातून प्रवास करणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवासीची मालिका पाहत असू, त्या दिवसांतली ती वही आहे. मालिकेत कोडे पडले की डाव्या पानावर प्रश्न लिहायचा आणि मालिकेने उत्तर दिले की उजव्या पानावर तारीख टाकायची, असा आमचा नेम होता. पहिल्याच पानावर भावाच्या अक्षरात प्रश्न आहे : 'सुझनला न्यायला तो परत का गेला नाही?'

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या या मालिकेत सुझन ही डॉक्टरची नात होती. १९६४ च्या डिसेंबरमध्ये त्याने तिला पृथ्वीवर मागे ठेवले आणि एक दिवस परत येईन असा शब्द दिला. २०२५ च्या मे महिन्यात, हंगामाच्या अखेरच्या भागाला दोन आठवडे असताना, ती क्षणभर दिसली. त्या रात्री भावाने हैदराबादहून फोन केला आणि आम्ही दोघेही रडलो.

मग ३१ मे रोजी 'द रिअ‍ॅलिटी वॉर' हा अखेरचा भाग आला आणि सुझनचा प्रश्न होता तिथेच राहिला. १९७२-७३ च्या कथेत ज्याच्या एकटेपणाची कणव यावी असा जुना खलनायक ओमेगा येथे हाडांचा अवाढव्य प्राणी होऊन आला, रानी या खलनायिकेला गिळून काही मिनिटांत परत हाकलला गेला. शेवटी डॉक्टरचे रूप बदलले आणि एन्कुटी गाटवा या नटाच्या जागी बिली पायपर या नटीचा चेहरा आला, म्हणजे एकही जुने कोडे न सोडवता आणखी एक नवे कोडे आमच्या हाती ठेवले गेले. भाग संपल्यावर भावाचा फोन आला. आम्ही आईच्या गुडघ्यांविषयी बराच वेळ बोललो, पण मालिकेचा विषय दोघांनीही काढला नाही.

तुमचेही असे काही असेल तर अवश्य लिहा.

महालचा_वाडा
ताई, तुमची वही पाहायला मिळाली असती तर फार आनंद झाला असता.

माझे दुःख 'द एक्स-फाइल्स'चे आहे. नऊ हंगामांनंतर १९ मे २००२ चा तो शेवट, ज्यात परग्रहवासीयांचे गूढ शोधणाऱ्या मल्डर या एफबीआय अधिकाऱ्यावर लष्करी न्यायासनापुढे खटला चालतो आणि एकामागून एक साक्षीदार येऊन आपण इतकी वर्षे पाहिलेलेच पुन्हा सांगतात. वडील जिल्हा न्यायालयात वकिली करत. ती मालिका ते एरवी कधी पाहत नसत, पण त्या भागाला माझ्याशेजारी बसले आणि अर्ध्या तासाने म्हणाले, "अरे, यात नवा पुरावा कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही. तरीही रॉझवेलच्या मोटेलमध्ये मल्डर आणि त्याची सहकारी स्कली पावसाच्या आवाजात बोलत पडतात, ते शेवटचे दृश्य मला आजही प्रिय आहे, आणि तिथेच थांबले असते तर मी सारे विसरलो असतो. पण ते थांबले नाहीत. २१ मार्च २०१८ च्या भागात, ज्या मुलासाठी स्कलीने इतके सोसले तो केवळ एक प्रयोग होता, असे तिच्याच तोंडून वदवले. तो भाग मी पुन्हा कधीही पाहिला नाही.

वर्धा_रोड
ताई, आईचे गुडघे आता कसे आहेत? भावाबहिणीचे ते बोलणे वाचून गलबलून आले.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे, म्हणून माझी तक्रार 'डॉक्टर हू'च्या त्याच हंगामातल्या बेलिंडा या डॉक्टरच्या सोबतिणीविषयी आहे. ती परिचारिका असल्याचे पहिल्या भागात कळले तेव्हा मला किती अभिमान वाटला होता! ती डॉक्टरला स्पष्ट सुनावते, मला माझ्या कामावर परत सोड म्हणते, आणि २४ मेपर्यंत घरी पोहोचायचे एवढे एकच तिचे मागणे असते. अखेरच्या भागात मात्र आणीबाणीच्या वेळी तिला लहान मुलीसह एका सुरक्षित खोलीत बसवून ठेवले. ज्या बाईने प्रत्येक पाळीत माणसे वाचवली, तिला नेमक्या त्याच वेळी काम दिले नाही, हे मला सहन होत नाही. शिवाय तिला घरची ओढ का होती, याचे कारण शेवटी बदलून टाकले आणि ते तसेच पहिल्यापासून होते असे आपल्याला दाखवले.

दोन_मुलींची_आई
ताई, तुमचे म्हणणे मला पटते, पण एक बाजू मांडते. सगळे जग वाचल्यावर ती लहान मुलगी नाहीशी झाली आहे आणि ती जवळजवळ कोणाच्याच आठवणीत उरलेली नाही, एवढ्या कारणासाठी डॉक्टर स्वतःचे आयुष्य पणाला लावतो. माझी धाकटी त्या वेळी माझ्या मांडीवर झोपली होती. मला तो शेवट निराशाजनक वाटला नाही.

रात्रपाळी
ते दृश्य मलाही आवडले. म्हणूनच बेलिंडाचे अधिक वाईट वाटले.

मेडिकल_वसतिगृह
'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या, अवकाशात जहाजांतून भटकणाऱ्या उरल्यासुरल्या माणसांच्या मालिकेचा शेवट २० मार्च २००९ रोजी आला. आम्ही चौघे मित्र तो नंतर एका संगणकाभोवती बसून पाहत होतो आणि बाहेर मे महिन्याची झळ होती. राष्ट्राध्यक्ष रोझलिनचा मृत्यू, सेनापती अडामा तिला विमानातून खालची हिरवी भूमी दाखवत असतानाचा, इतका सुंदर आहे की आमच्यापैकी कोणी बोलेना. पण त्याच भागात हजारो माणसे आपली सगळी जहाजे सूर्यात सोडून देतात आणि औषधे, शस्त्रक्रिया, निर्जंतुकीकरण सोडून रानात राहायला निघतात, तेही फारसा विरोध न होता. तेव्हा आम्ही बालरोग विभागात काम करत होतो. पहिल्याच पावसाळ्यात हगवणीने किती मुले दगावतील, किती बाळंतिणी जातील, हाच विचार डोक्यात राहिला. चार हंगाम ज्यांनी एकेका जिवाची मोजदाद फळ्यावर लिहून ठेवली, त्या लोकांनी असे करावे हे मला आजही मान्य नाही. वैमानिक कारा थ्रेस बोलता बोलता गवताळ रानातून नाहीशी होते. ती कोण होती, हे सांगणे लेखकांचे कर्तव्य होते असे मी मानतो.

धंतोली
'स्टार ट्रेक : एंटरप्राइझ' या अवकाशजहाजाच्या मालिकेचा १३ मे २००५ चा शेवट कोणी कसे लिहिले नाही? चार हंगाम ज्या जहाजावर आपण राहिलो, त्याची अखेर दुसऱ्याच मालिकेतला रायकर कृत्रिम देखाव्यात पाहतो. जहाजाचा अभियंता ट्रिप याचा मृत्यूही त्याच देखाव्यात उरकला जातो. कप्तान आर्चर ऐतिहासिक भाषणासाठी पायऱ्या चढतो आणि रायकर देखावा बंद करतो. ते भाषण ऐकण्याचा आमचा हक्क होता.

सक्करदरा
लहानपणी दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' ही पळालेल्या कैद्यांचा अवकाशात पाठलाग करणाऱ्या नायकाची मालिका लागत असे. ऐन शेवटाच्या वेळी आमच्याकडे लाईन गेली. भाऊ शेजारच्या गल्लीत धावत गेला, पण तिथेही अंधारच होता. बारा कैद्यांपैकी कितीजण पकडले गेले, याचा हिशेब आम्ही पाटीवर ठेवत होतो, त्यामुळे ताईंची वही मला आपल्या घरचीच वाटली. ताई, वहीतला दुसरा प्रश्न कोणता होता?

खसताटी
दुसरा प्रश्न माझा आहे : 'टार्डिसमध्ये (डॉक्टरच्या कालयानात) स्वयंपाकघर कुठे आहे?' वहीत एकूण ६३ प्रश्न आहेत आणि त्यांपैकी २२ प्रश्नांसमोरची जागा कोरी आहे. आईचे गुडघे आता बरे आहेत, विचारपूस केल्याबद्दल आभारी आहे.

काल पहिल्या पानाचे छायाचित्र भावाला पाठवले. दिवाळीत तो नागपूरला येणार आहे आणि जुन्या कृष्णधवल भागांपासून पुन्हा पाहू या म्हणतो. १९६० च्या दशकातले अनेक भाग बीबीसीने पुसून टाकले, त्यांचे केवळ आवाज शिल्लक आहेत; ते आपण डोळे मिटून ऐकू, असे त्याचे म्हणणे आहे. सुझनच्या निरोपाचा भाग मात्र शाबूत आहे. मी त्याला तो सर्वांत आधी लावायला सांगितले आहे.