बाबांचे हात थरथरून राहिले, पंपामुळे की गोळीमुळे?

मानेवाडाकर: बाबा 68 चे आहेत, सीओपीडी आहे (फुफ्फुसाचा जुनाट आजार, दम लागतो). सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडवाला पंप, रात्री थिओफायलिनची गोळी आणि दम लागला की सालब्युटामॉलचा पंप, दोन वर्षं नीट चाललं होतं पण मागच्या आठवड्यापासून हात थरथरून राहिले, छातीत धडधड, मळमळ, रात्रभर टक्क जागे. आवाज तर कधीचाच बसलेला. आता म्हणतात पंपच बंद करतो, त्याची सवय लागली मला. कोणत्या औषधाने काय होऊन राहिलं, ओळखायचं कसं हो?

रश्मी_ताई: पंप बंद नका करू देऊ बाप्पा! आवाजाचं सांगते, माझ्या आईचा असाच बसला होता, तोंडात पांढरे चट्टे पण. स्टेरॉइड घशात बसतं ना. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला आणि पंप घेतला की गुळण्या करून थुंकायचं. हे आम्हाला दीड वर्ष कोणी सांगितलंच नव्हतं!!

फार्मसीवाला: सालब्युटामॉलनेही हात थरथरतात, पण ते काही तासांत ओसरतं. मळमळ आणि झोप उडणं सोबत आहे म्हणून मला शंका गोळीची. थिओफायलिन रक्तात 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर गेलं की त्रास देतं, म्हाताऱ्या माणसाला त्याआधीही. मागच्या आठवड्यात नवीन काही सुरू केलं का? बिडी-सिगारेट सोडली का? धुरामुळे लिव्हर ही गोळी भराभर संपवतं, धूर बंद झाला की तोच डोस भारी पडतो.

मानेवाडाकर: अरे देवा. लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडून सिप्रोफ्लोक्सासिन आणलं, मंगळवारपासून. थिओफायलिनची गोळी चालू आहे हे आम्ही सांगितलंच नाही, चूक आमचीच. बिडी पण दिवाळीत सुटली (तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही सुटला, तो विषयच नका काढू)

फार्मसीवाला: मग हेच असेल. सिप्रोने थिओफायलिन अंगात साचतं. रात्रीच्या गोळीआधी छातीच्या डॉक्टरांना फोन लावा, उद्यावर नका टाकू. ठोके वेडेवाकडे पडले, उलट्या थांबेनात किंवा झटका आला तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.

सीताबर्डी_74: आणि वहीत लिहून ठेवा, कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू, त्रास कधी, पंपाचे पफ किती. डॉक्टर बदलला तरी वही तीच. साइड इफेक्ट पेशंटलाही कळवता येतो बरं, 1800-180-3024 टोल फ्री आहे, सरकारी.

मानेवाडाकर: फोन झाला. आजची गोळी थांबवली, अँटिबायोटिक बदलून देतो म्हणाले, उद्या ईसीजी आणि रक्त. बाबा गुळण्या करून राहिले, पण पंपाच्या आधी 😑