दोन लाख किलोमीटरच्या पुढची गाडी : वेळेआधी काय केलं, काय राहून गेलं?

पेट्रोल, मॅन्युअल, २,१४,००० किमी

माझ्या गाडीला तेरा वर्षं झाली. इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही, आणि मला ही गाडी तीन लाखांपर्यंत न्यायची आहे. म्हणून हा धागा.

एवढ्या वर्षांत ती रस्त्यात तीनदा अडली. एकदा रेडिएटरचा वरचा होज फुटला. एकदा फॅन बेल्ट तुटला. तिसऱ्यांदा ब्रेक बूस्टरकडे (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडल हलकं करणारा डबा) जाणारा व्हॅक्यूमचा पाइप चिरला. गाडी सिग्नलला थांबली की बंद पडायची आणि ब्रेकचं पेडल कडक झालं होतं. तिन्ही वेळा घात रबराने केला. क्रँक, पिस्टन, गिअर यांनी आजवर त्रास दिलेला नाही. तेव्हापासून मी रबर आणि गाडीतली सगळी द्रवं यांच्याकडे किलोमीटरपेक्षा वर्षांच्या हिशोबाने बघते. गाडी दारात उभी असली तरी ती म्हातारी होतच असतात.

तुमचे अनुभव लिहा. कोणत्या किलोमीटरला काय बदललं, कशावरून कळलं, आणि मुख्य म्हणजे काय राहून गेलं. सुरुवातीला इंधन, गिअर आणि रनिंग लिहा. कंपनीची नावं नकोत, मग चर्चा तिकडेच जाते.

*

पेट्रोल, मॅन्युअल, १,८२,००० किमी

ताई, माझं राहून गेलेलं सांगतो, कारण ते वाचून कुणाचं तरी इंजिन वाचावं असं मनापासून वाटतं.

गाडी वापरलेली घेतली तेव्हा मीटर ९६,००० होतं. टायमिंग बेल्ट बदलला आहे का असं विचारलं. "झालाय" म्हणाले. बिल मागितलं नाही. गाडी इतकी गुळगुळीत चालायची की पुन्हा विचार करायचं कारणच पडलं नाही.

१,३८,००० ला, मोकळ्या रस्त्यावर, ऐंशीच्या वेगात असताना बोनेटखाली फट् असा एकच आवाज झाला आणि इंजिन गप्प. स्टिअरिंग जड झालं. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोनदाच हलके लागतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नशिबाने मी पेडल सारखं न मारता एकदाच दाबून धरलं आणि गाडी कडेला आली. परत किल्ली मारली, तर स्टार्टर नेहमीपेक्षा जोरात आणि मोकळा फिरला. कॉम्प्रेशनच उरलं नव्हतं.

बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. कोणी कधी यायचं ते बेल्ट ठरवतो. तो तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांना धडकतो. माझे आठ व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. आणि या बेल्टने आधी काहीच इशारा दिला नव्हता. आवाज नाही, दिवा नाही, पिकअप जराही कमी नाही.

आता माझा नियम असा, की लेखी पुरावा नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं. इंजिनानुसार मुदत साधारण ६०,००० पासून १,६०,००० किमीपर्यंत असते, सोबत वर्षांचीही मर्यादा असते, आणि जे आधी येईल ते खरं. बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) बदलायचेच. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण तिथवर पोहोचायची मजुरी तीच. शिवाय कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलकडे बघायला सांगा. सील गळून बेल्टवर ऑइल पडत असेल तर नवा बेल्टही टिकत नाही.

*

पेट्रोल, मॅन्युअल, २,३०,००० किमी

वरच्या अनुभवाला जोडून. टायमिंग बेल्टऐवजी चेन असलेल्या गाडीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. माझ्या गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ यायची आणि थांबायची. मी सहा महिने दुर्लक्ष केलं. चेन ताणली गेली होती, टेन्शनर शेवटच्या टोकाला पोहोचला होता. मेकॅनिक म्हणाला, चेनचं आयुष्य ऑइलवर असतं. आधीच्या मालकाने ऑइल किती उशिरा बदललं, ते चेनने मला सांगितलं.

*

डिझेल, मॅन्युअल, ४,६०,००० किमी

गाडी हेच माझं पोट आहे. प्रवासी वाहतूक करतो, त्यामुळे एक दिवस गाडी उभी म्हणजे एक दिवसाची कमाई गेली. रोज सकाळी किल्ली लावायच्या आधी दोन मिनिटं देतो, तेच लिहितो.

आधी खाली वाकून बघायचं. रात्री गाडी लावतो तिथे कधीकधी पुठ्ठा पसरून ठेवतो. काळा किंवा तपकिरी थेंब म्हणजे इंजिन ऑइल. लालसर असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं, ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचंही. हिरवा किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारा म्हणजे कूलंट. स्वच्छ पाणी म्हणजे एसीचं, त्याची काळजी नाही. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर मात्र गाडी हलवत नाही, तिथे ब्रेकचं ऑइल असू शकतं.

मग डिपस्टिक. गाडी सपाट जागी हवी. माझं इंजिन ३,००० किलोमीटरला साधारण एक लिटर ऑइल खातं. ते मला माहीत आहे, म्हणून भीती वाटत नाही. नुसत्या खाण्याने इंजिन बसत नाही, कमी पडलेल्या ऑइलवर पळवलं की बसतं. दोन सर्व्हिसच्या मध्ये डिपस्टिक न बघणारे लोक बघितले की माझा जीव कासावीस होतो.

डिझेल फिल्टरखालचं पाणी नेमाने काढतो. लांबचा चढ ओढून आल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही, मिनिटभर निवांत चालू ठेवतो. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) लाल तापलेला असताना त्याचं ऑइल थांबवलं तर ते आतच करपतं. पहिला टर्बो मी ३,१०,००० ला काढला, तोही चालू स्थितीत, सील पाझरायला लागलं म्हणून.

*

पेट्रोल, मॅन्युअल, १,५६,००० किमी (आता नाही)

आमच्या बाबांची गाडी. पाणी कमी झालं की ते नळाचं पाणी घालायचे. वर्षानुवर्षं. "पाण्यानेच तर इंजिन गार होतं" असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात काही चुकतंय असं आम्हां कुणालाच वाटलं नाही. टाकीतलं पाणी हळूहळू चहासारखं झालं.

कूलंट उकळणं लांबवतो एवढंच मला माहीत होतं. खरं तर आतल्या लोखंडाला आणि अॅल्युमिनियमला गंज चढू नये म्हणूनही त्यात रसायनं असतात, आणि ती दोन ते पाच वर्षांत संपतात. रंग तसाच छान दिसतो, पण संरक्षण गेलेलं असतं. आमच्याकडे तर ते कधी नव्हतंच. गंजाच्या गाळाने रेडिएटरच्या नळ्या भरल्या होत्या.

ज्या दिवशी गाडी गेली त्या दिवशी मी चालवत होते. काटा लाल पट्ट्यावर गेला. घर चार किलोमीटरवर. थांबावं की जावं असा विचार चालू असतानाच काटा एकदम खाली पडला. मला वाटलं, बरं झालं, गार झाली. आणि मी निघाले. वस्तुस्थिती अशी होती की पाणीच संपलं होतं. सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला, मग तो मोजणार काय? त्या चार किलोमीटरमध्ये हेड वाकलं, गॅस्केट गेलं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमली होती. बाबा गॅरेजमध्ये ती साय बोटाने पुसत उभे होते, ते मला अजून दिसतं.

तेव्हा, काटा वर गेला की जागच्या जागी थांबा. वर जाऊन अचानक खाली आला तर त्याहून लवकर थांबा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, झाकण फिरवलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. सध्याच्या गाडीत मी कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर एवढंच घालते. दोन रंग एकत्र करत नाही. दर तीन वर्षांनी सगळं काढून नवं, आणि दर दुसऱ्या बदलाला रेडिएटरचं झाकणही नवं. त्या झाकणाची स्प्रिंग ढिली झाली तरी पाणी लवकर उकळतं.

*

पेट्रोल, ऑटोमॅटिक, १,९८,००० किमी

गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" आहे असं मला सांगितलं गेलं होतं. कुणाचं आयुष्य, ते मी विचारायला हवं होतं. १,७०,००० ला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये गाडी थरथरायला लागली. ऑइल काढलं तर काळं, करपट वासाचं.

दोन मतं मिळाली. एक म्हणे मशीन लावून सगळं फ्लश करा. दुसऱ्याने सांगितलं की एवढ्या वर्षांचा गाळ एकदम हलवू नका. मी दुसरं ऐकलं. खालून सोडलं की आतल्यापैकी निम्म्याहूनही कमी ऑइल बाहेर येतं, म्हणून थोड्या थोड्या अंतराने तीनदा काढून भरलं, फिल्टर बदलला. थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. ६०,००० ला बदललं असतं तर कदाचित आलीच नसती.

*

पेट्रोल, मॅन्युअल, १,४१,००० किमी

ब्रेक ऑइल! पाच वर्षं बदललं नव्हतं. लांब उतारावर पेडल स्पंजासारखं झालं आणि शेवटी तळाला गेलं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरलं की ती हद्द १५५ अंशांवर येऊ शकते. उकळलं की वाफ होते, आणि पाय नुसती वाफ दाबत राहतो. हँडब्रेक आणि खालच्या गिअरने वाचलो. आता दर दोन वर्षांनी, न चुकता.

*

पेट्रोल, मॅन्युअल, १,२५,००० किमी

अॅक्सलच्या रबरी बुटाला चीर गेलेली सर्व्हिसच्या वेळी दिसली होती. "पुढच्या वेळी करू" म्हणाले. पुढच्या वेळेपर्यंत ग्रीस बाहेर, माती आत. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कटकट आवाज. बुटाऐवजी आख्खा जॉइंट बदलावा लागला.

*

मेकॅनिक आहे, बावीस वर्षं

जास्त चाललेली गाडी आली की मी आधी गळती बघतो, मग कूलिंग, मग ब्रेक आणि सस्पेन्शन. पिकअप, अॅव्हरेज त्यानंतर. गिऱ्हाईक उलट्या क्रमाने सांगतं.

पीसीव्ही व्हॉल्व्हचं नाव इथे कुणीच घेतलं नाही. इंजिनात साचणारे वायू बाहेर काढणारी छोटीशी वस्तू. ती तुंबली की इंजिनातला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून वाट काढतं. लोक सील बदलत राहतात, गळती परत येते. आधी तो व्हॉल्व्ह बघा.

गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑइल घालायचा आग्रह करू नका, पुस्तकात दिलेल्या ग्रेडमध्येच राहा. रात्रभर उभ्या गाडीने स्टार्ट करताना निळा धूर टाकला आणि मग बंद झाला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. चालताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील. दोन्हींचा खर्च फार वेगळा, म्हणून कोणी थेट इंजिनकाम सांगितलं तर आधी कॉम्प्रेशन तपासायला लावा. आणि गाळ साचलेल्या इंजिनात जोरदार फ्लशचं औषध ओतू नका. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. ऑइल लवकर लवकर बदला, हळूहळू साफ होतं.

*

पेट्रोल, मॅन्युअल, २,७७,००० किमी

१९६६ सालची व्होल्वो पी१८०० घेऊन ३० लाख मैलांच्या पुढे गेलेले इर्व्ह गॉर्डन आठवले. २०१३ मध्ये त्यांनी तो टप्पा ओलांडला, म्हणजे ४८ लाख किलोमीटर, एकाच गाडीत. मी काही तिथवर जाणार नाही. पण त्यांच्याबद्दल वाचल्यावर एक वही केली. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठला भाग, कोणी. किती ऑइल वर घातलं तेही. नऊ वर्षांची वही आहे. मागच्या वर्षी बॅटरी वारंवार उतरायला लागली, तेव्हा वहीत दिसलं की आधीची बॅटरीही अशीच अकाली गेली होती. मग चार्जिंग तपासलं. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास हवं, माझं १२.९ होतं. दोष अल्टरनेटरचा होता आणि मी तिसरी बॅटरी घ्यायला निघालो होतो.

*

पेट्रोल, मॅन्युअल, २,१४,००० किमी (धागा काढणारी)

सगळं दोनदा वाचलं. बाबांच्या गाडीचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

काल बिलांची पिशवी काढली. माझा टायमिंग बेल्ट सात वर्षांपूर्वी, १,५१,००० ला बदललेला आहे. बिलात टेन्शनर आहे, वॉटर पंपाचा उल्लेख नाही. आज फोन करून शनिवारची वेळ घेतली: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पंप, आणि उघडलंच आहे तर दोन्ही सील. पीसीव्ही व्हॉल्व्ह कुठे असतो तेही त्यांना दाखवायला सांगितलंय.

संध्याकाळी गार इंजिनावर खालचा होज दाबून पाहिला. वरचा फुटला तेव्हा नुसता वरचाच बदलला होता. मध्ये ठीक लागतो, पण क्लॅम्पजवळ बोट सहज आत गेलं. तोही शनिवारच्या यादीत लिहिला.