सांदण दरीत पहाटेची शांतता : वेळेबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाहून सांदणला जायचं आहे. चौघेजण, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) करणार नाही. पहिल्या कड्याच्या अलीकडे थांबून त्याच वाटेने परत. हेतू एकच, तासभर तरी माणसाचा आवाज नको.

अडचण अशी की दरी अरुंद, दोन्ही बाजूंना सरळ कातळ. मागून येणाऱ्या एका गटाचा स्पीकर वाजला तरी तो सगळ्या घळीत घुमतो. म्हणून साम्रदला मुक्काम करून पहिल्या गटाआधी निघायचं म्हणतोय. पण फार लवकर निघालं तर धोंड्यांवरून अंधारात उतरावं लागतं, आणि ओल्या बुटांखाली गुळगुळीत धोंडा दगा देतो. सूर्य वर आला तरी तळाशी ऊन उशिराच पोचतं, त्यामुळे हेडटॉर्च धरलेलीच आहे.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगावं: रॅपलिंगवाले गट साम्रदहून साधारण किती वाजता सुटतात? वनखात्याच्या नाक्यावर पहाटे पावती मिळते, की आदल्या संध्याकाळीच घ्यावी? वाटेतल्या दुसऱ्या डोहाला सध्या पाणी कमरेएवढं की छातीपर्यंत? छातीपर्यंत असेल तर पहाटेच्या थंडीत भिजून स्वस्थ बसणं अशक्य, मग डोहाच्या अलीकडेच बसू. तिथे वरून दगड येण्याचा धोका नसलेली, भिंतीपासून जरा सुटी जागा आहे का? वर माकडं असली की खडे हमखास येतात.

‘रविवारी या, मजा असते’ हे कृपया नको.