लिटल काबूलचा ग्रुप

मोबाइलवरचे ग्रुप म्हणजे नुसते फॉरवर्ड, असं कोणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही बुवा. आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहतो, इथल्या सेंटरविल भागाला लिटल काबूल म्हणतात, १९७९ ला अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्यावर तिथली लोकं यायला लागली आणि २०२१ ला तालिबान परत आल्यावर आणखी एक लाट आली. शेजारच्या खाला (म्हणजे मावशीच) त्यांच्या ग्रुपवरचं मला ऐकवत असतात. हो ऐकवतात, कारण तिथे सगळे व्हॉइस नोट, बऱ्याच आज्यांना वाचता येत नाही. कोणाची बायपास झाली, डबा कोण नेणार, हॉस्पिटलात पश्तोवालीला दरीचा (दोन्ही अफगाणिस्तानातल्या वेगळ्या भाषा) दुभाषा दिला आणि गोळ्यांचा घोळ झाला, रमजानात इन्शुलिनचं डॉक्टरला आधी विचारा, असं सगळं.

आणि मधेच हफ्त मेवा! नवरोजला (त्यांचं नवं वर्ष) मनुका, जर्दाळू, पिस्ते, अक्रोड वगैरे सात प्रकार एक-दोन दिवस भिजत घालतात, शिजवायचं अजिबात नाही, बदाम-पिस्त्याची सालं काढत बसायचं. आमच्याकडे वाटी आली तेव्हा पाणी इतकं गोड लागलं की मी विचारलं साखर किती घातली, तर चिमूटभरही नाही. तेवढ्यात ग्रुपवर नोट आलीच, शुगरवाल्यांनी पाणी पिऊ नका, नुसते अक्रोड खा 😄